अनुकरण आणि उत्तरदायित्व

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही पक्षांचें बळ सारखें. फरक एवढाच कीं, पहिली चाल पांढऱ्याची. मग काळ्यानें प्रत्येक चालीस तीच चाल उत्तरादाखल केली, तर बरोबरी अखेरपर्यंत टिकणार नाहीं काय? हा प्रश्न केवळ पटापुरता नाहीं. दुसऱ्याची योग्य कृति जशीच्या तशी उचलली, तर ती आपल्या ठायींहि योग्य ठरते काय, हा नीतीचा प्रश्न त्याच्या पोटीं आहे.

१९७२ सालीं आइसलंडमधील रेक्याविक येथें फिशर व स्पास्की यांच्यांत जगज्जेतेपदाचा सामना झाला. आठव्या डावांत पांढऱ्या फिशरनें वजिराकडील उंटापुढचें प्यादें दोन घरें सरकविलें. स्पास्कीनेंहि तेंच केलें. घोडे, उंट, शेवटीं किल्लेकोट. सहा चालींपर्यंत पट म्हणजे आरशांतलें प्रतिबिंबच! सातव्या चालीस फिशरनें वजिरापुढचें प्यादें मध्यभागीं घातलें. तें मारावें कीं नाहीं, याचें उत्तर फिशरच्या कोणत्याहि पूर्वीच्या चालींत नव्हतें.

स्पास्कीनें तें मारलें. पुढें पंधराव्या चालीस त्यानें वजिराकडील घोड्याच्या पट्टींतलें प्यादें दोन घरें रेटलें. फिशरचा एक उंट हत्तीवर चालून आला, दुसऱ्याची वाट त्या प्याद्याच्या जाण्यानें मोकळी झालेलीच होती. हत्तीस सुरक्षित घर उरलें नाहीं. सदतीस चालींत डाव संपला.

यावरून अनुकरणानें घात केला, असें म्हणणें अन्यायाचें होईल. घात झाला तो स्पास्कीच्या स्वतःच्या चालीनें. पण अनुकरणाचा मोह नेमका येथेंच आहे. उसन्या चुकीचें पाप वांटून घेतां येतें. स्वतःच्या चुकीचें येत नाहीं. अध्यापनाच्या दीर्घ काळांत उत्तरपत्रिकांतून माझींच वाक्यें माझ्याकडे परत आलीं आणि मीं त्यांस भरघोस गुण दिले. विद्यार्थ्यास भिण्याचें कारण उरलें नाहीं, मला तपासण्याचें. त्या सोयीची आज मला लाज वाटते.

अनुकरण ही उमेदवारी आहे. तीस दोष नाहीं. दोष आहे तो तींतच आयुष्य काढण्याचा. राजास शह बसला म्हणजे समोरच्याची चाल गिरवून भागत नाहीं. आधीं आपला राजा वांचवावा लागतो. कर्तव्यहि मनुष्यावर असेंच एकट्यावर येतें. त्या वेळीं चुकण्याचा अधिकार ज्यानें कधींच वापरला नाहीं, त्याच्या पूर्वीच्या बिनचूकपणाचें मोल तें काय?