कीड कोणाला म्हणावे?

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी पायाच्या अंगठ्याने कारीट फोडण्याची चाल आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. त्या कडू फळाने कोणाचे काही वाकडे केलेले नसते. पण त्याला एकदा नरकासुर म्हटले, की लहान पोरेसुद्धा मोठ्या आवेशाने त्याच्यावर पाय देतात. गंमत निरुपद्रवी आहे खरी. परंतु माणसाच्या स्वभावातली एक खोड तिच्यात दिसते. ज्याला चिरडायचे, त्याला आपण आधी एक नाव देतो. नाव दिले की पाय उचलणे सोपे जाते.

घरात दोनचार कुंड्या बाळगणाऱ्याला या खोडीची ओळख वारंवार होते. तेथे ते नाव असते 'कीड'. पण ही कीड म्हणजे कोण? कढीपत्त्याचे उदाहरण घ्या. त्याच्या कोवळ्या पानांवर प्रथम पक्ष्याच्या शिटेसारखे काहीतरी दिसते. ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी. लिंबू आणि कढीपत्ता एकाच कुळातले, म्हणून तिला दोन्ही चालतात. पुढे ती हिरवीगार होते, आणि बोट लावले तर डोक्यामागून एक नारिंगी दुपाखे काढून उग्र वास सोडते. दोनतीन आठवड्यांत ती लहानशा रोपाच्या नुसत्या काड्या उरवू शकते. तिचेच फुलपाखरू गॅलरीत आले, की आपण मुलांना हाका मारून ते दाखवतो. महाराष्ट्र सरकारने 2015 साली ब्लू मॉर्मन या देखण्या फुलपाखराला राज्याच्या फुलपाखराचा मान दिला. त्याच्या अळ्याही लिंबूवर्गातल्या झाडांची पानेच खातात. म्हणजे एकच जीव सरकारदरबारी मानकरी आणि कुंडीत गुन्हेगार! निसर्गात कीड नावाची जात नाही. आपल्या पानावर जो बसला, त्याला आपण दिलेले ते नाव आहे.

एकदा वर्गात फुलपाखराच्या जीवनक्रमाचा धडा चालू असता एका मुलीने विचारले, "गुरुजी, आमची आई कढीपत्त्यावरच्या अळ्या काढून चिरडते. मग ती पाप करते का?" धड्याखालच्या प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. त्याला दोन सोपी उत्तरे आहेत. एक असे, की कीड मारण्यात कसले आले पाप! दुसरे असे, की सर्व जीव सारखे, तेव्हा एकालाही हात लावू नये. मला दोन्ही उत्तरे पळवाटा वाटतात.

पहिले का, ते वर आलेच आहे. दुसरेही तितकेच फसवे आहे. सारेच किडे काही फुलपाखरे होत नाहीत. मावा पाहा. त्याच्या माद्या नरावाचून पिल्ले घालतात, आणि ती पिल्ले आठदहा दिवसांत स्वतः आया होतात. पिठ्या ढेकूण कापसासारखा पुंजका करून देठाच्या बेचक्यात बसतो आणि रस शोषतो. त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या चिकट गोड रसावर काळी बुरशी धरते, पानांना ऊन मिळेनासे होते. रानात वा शेतात पावसाची झोड असते, लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे माव्याचा फडशा पाडतात. दिवाणखान्यातल्या मनीप्लँटच्या वाट्याला पाऊसही नाही आणि ढालकिडाही नाही. त्याला या साऱ्या गोतावळ्यातून उचलून आपण आणले. वर जास्त युरिया घालून त्याची पाने लुसलुशीत केली, माव्याला पंगतच वाढली. आता अहिंसेच्या नावाखाली हात बांधून बसणे म्हणजे आश्रिताला वाऱ्यावर सोडणे होय.

मग या कोंडीतून वाट कोणती? 1928 साली साबरमतीच्या आश्रमात, बरे होण्याची आशा उरली नव्हती अशा एका तळमळणाऱ्या वासराला गांधीजींनी विष टोचवून मरण दिले. मोठा गहजब झाला. त्या वादाच्या ओघात पिकांची नासधूस करणाऱ्या माकडांचाही प्रश्न निघाला. वासराच्या मरणात वासराचेच हित होते, म्हणून ती अहिंसा. माकडांना मारावे लागलेच, तर त्यात माणसाचा स्वार्थ असेल, म्हणून ती हिंसाच, असा भेद त्यांनी केला. मला यातला प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो. गरज पडली म्हणून हिंसेचे नाव बदलत नाही. नाव बदलले नाही, म्हणजे माणूस तिची गरज रोज तपासून पाहतो.

असे तपासून पाहणाऱ्याला आपला जुना क्रम उपयोगी पडेल: साम, दाम, भेद आणि शेवटी दंड. साम म्हणजे कुंडीला ऊन-वारा द्यावा, खत बेताने घालावे, पाने पुसावीत. धूळ आणि कोरडी उष्णता लाल कोळ्यांना मानवते. नवी कुंडी काही दिवस वेगळी ठेवावी. दाम म्हणजे झाड मोठे असेल, तर अळीच्या नावाने एक फांदी सोडावी. रोप लहान असेल, तर अळी पानासकट उचलून आवारातल्या मोठ्या कढीपत्त्यावर ठेवावी. भेद मुंग्यांच्या बाबतीत. गोड रसाच्या लोभाने मुंग्या माव्याची राखण करतात, ढालकिड्यांना हुसकतात. पूर्वी फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तशीच कुंडीची तिवई ठेवावी, युती मोडते. एवढ्याने भागले नाही तर दंड. पाण्याची जोरदार धार, स्पिरिटच्या बोळ्याने एकेक पिठ्या टिपणे, फारतर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा साबण घालून सांजवेळी पानांच्या मागून फवारणे.

"एवढा खटाटोप कशाला? बाजारात जालीम औषध मिळते!" असे कोणी म्हणेल. जालीम औषधांचा इतिहास फार जुना नाही. डीडीटीचा कीटकनाशक गुण दाखवणाऱ्या पॉल म्यूलरना 1948 साली नोबेल पारितोषिक मिळाले. 1962 साली रेचल कार्सनबाईंनी 'सायलेंट स्प्रिंग' लिहून हेच विष पाखरांपर्यंत कसे पोचते ते जगाला दाखवले. आपल्याकडे 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली, कित्येकांचे प्राण गेले. विषाला कीड आणि माणूस यांतला फरक कळत नाही. घरातल्या तुळशीचे पान तर नैवेद्यावर जाते, आणि नातवाच्या काढ्यातही. बोळ्याने टिपणाऱ्याला आपण काय मारतो ते दिसते, आणि पुरे झाले की त्याचा हात थांबतो. डोळे मिटून फवारणाऱ्याचा हात कोण थांबवणार?

आणि ही सवय कुंडीपाशीच थांबती, तर मी एवढे लिहिले नसते. 1994 साली रुआंडात तुत्सी लोकांना नभोवाणीवरून झुरळे म्हटले जात होते. त्यानंतरच्या शंभर दिवसांत तेथे लाखो माणसे मारली गेली. शेजाऱ्याला आधी किडा म्हटले, मग पाय उचलणे सोपे गेले. म्हणून ज्या घरात मुले आहेत, तेथे कुंडीतली अळी कशी हाताळली जाते, ही गोष्ट मला क्षुल्लक वाटत नाही.

त्या मुलीला मी इतकेच सांगितले, की आईला पाप-पुण्य विचारू नकोस. उद्या तिच्याबरोबर पान उलटून बघ, अळी किती लहान आहे आणि झाड किती मोठे आहे ते दोघी मिळून ठरवा. तुळशीचे लग्न आता जवळ आले आहे. वृंदावन रंगवताना तुळशीची आकसलेली पानेही उलटून पाहावीत. पानामागे कोण बसले आहे हे नीट पाहिल्यावर मग काय करायचे ते करावे.