मधला टप्पा जमिनीवरून

वाटेत मध्येच उतरावेसे वाटणे हा प्रवाशाचा जन्मसिद्ध हक्क असला, तरी तो कितव्या किलोमीटरला बजावायचा हे रेल्वे ठरवते. ५०० किलोमीटरांहून लांबचे तिकीट असेल तर वाटेत एकदा उतरता येते, १००० च्या वर असेल तर दोनदा. मात्र पहिले उतरणे ५०० किलोमीटर संपल्यावरच. म्हणजे ठाण्याहून दिल्लीला निघालेल्या माणसाची मावशी भुसावळला राहत असेल, तर नियमाच्या दृष्टीने ती फारच जवळ राहते. तिने बिऱ्हाड खांडव्याला हलवले, तर दोन दिवस तिच्या हातचे भरीत खायला रेल्वेची काही हरकत नाही.

आमच्या डोंबिवलीच्या पुतण्याला मात्र भुसावळ आणि खांडवा दोन्ही किरकोळ वाटतात. त्याला पृथ्वीप्रदक्षिणा करायची आहे. विमान कंपन्यांचे संघ असे एकच लांबलचक तिकीट विकतात. नियम मोठे मजेदार. जास्तीत जास्त १६ तुकडे, वर्षाच्या आत परत, अटलांटिक आणि पॅसिफिक महासागर एकेकदाच ओलांडायचे.

"आणि एका खंडातून दुसऱ्या खंडात एकाच दिशेनं जायचं, काका. मागं फिरायचं नाही."

"अरे, ही तर नर्मदा परिक्रमा झाली!" मी म्हणालो.

खोटे नाही. परिक्रमेतही निघालो तिथेच परत यायचे, नर्मदामाई सतत उजव्या हाताला आणि पात्र ओलांडायचे नाही. चातुर्मासात एका जागी मुक्काम. समुद्राशी आल्यावर मात्र पायी जाणाऱ्यालाही नावेत बसावेच लागते. विमलेश्वरहून मिठीतलाईपर्यंतचा तो टप्पा पाण्यावरून होतो, पण म्हणून परिक्रमा मोडली असे कोणी म्हणत नाही.

मग थांबण्याचा नियम निघाला. विमानवाल्यांच्या मते चोवीस तासांच्या आत पुढचे विमान पकडले तर तुम्ही त्या गावी थांबलातच नाही. रेल्वेही गाडी बदलण्यासाठी चोवीस तासांपर्यंत थांबलात तर ते थांबणे धरत नाही. तेवीस तास एखाद्या गावात जेवलात, झोपलात, देवळात जाऊन चप्पल हरवून आलात, तरी तुम्ही तिथे नव्हता. देवळातल्या चोराला हा नियम माहीत नसतो.

पण पुतण्याची खरी तक्रार पुढेच होती. त्याला बँकॉकला उतरून तिथून आगगाडीने, बसने, जमेल तसे सिंगापूरला जायचे होते आणि सिंगापूरहून पुढचे विमान धरायचे होते. मधला टप्पा जमिनीवरून, स्वतःच्या खर्चाने. तरी विमानवाले तो तुकडा सोळांत धरतात!

"त्यांच्या विमानात बसायचं नाही, त्यांचा चहा प्यायचा नाही, तरी एक तुकडा कमी. हा अन्याय नाही का?"

ही भाजी निवडत बसली होती. तिने विचारले, "म्हणजे मधला भाग धरतात ना ते?"

"धरतात ना काकू! उगाच धरतात."

"धरतात तर," ती म्हणाली आणि पुन्हा मेथीच्या जुडीकडे वळली.

त्या दोन शब्दांचा अर्थ पुतण्याला कळला नाही, मला कळला. ही एका शाळेत सहा वर्षे शिकवत होती. माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा धाकटा दीड वर्षाचा होता. एवढी लांब रजा मिळेना, तेव्हा हिने राजीनामा दिला. माझ्या नोकरीत एका दिवसाचाही खंड पडला नाही, कारण तो सगळा हिच्या नोकरीत पडला. पाच वर्षांनी ती दुसऱ्या शाळेत लागली आणि वीस वर्षे शिकवून निवृत्त झाली. पेन्शनचा हिशेब करताना कारकुनाने पहिली सहा वर्षे, तांदळातला खडा काढावा तशी, हलक्या हाताने बाजूला काढली. राजीनामा दिला की मागची नोकरी धरत नाहीत. अशा खंडाला सरकारी मराठीत सेवाखंड म्हणतात. पाच वर्षे सासूची सेवा केली, त्याचे नाव सेवाखंड!

नियमाची बाजूही ऐकली पाहिजे. न शिकवलेल्या वर्षांचे पैसे कोणी का द्यावेत? देऊ नयेत. हिनेही ते मागितले नाहीत. पण शिकवलेली सहा वर्षे कुठे गेली? त्या सहा वर्षांतली पोरे तर पाढे विसरलेली नाहीत.

विमानवालेही काही संत नव्हेत. न कळवता मधले एखादे विमान सोडलेत तर ते पुढचे सारे तिकीट रद्द करतात. आधी लिहून दिलेत तर तो टप्पा, नाही तर तुम्ही बेपत्ता. पण निदान लिहून देण्याची सोय तरी आहे. सासूचे आजारपण आधी आरक्षण करून येत नाही, आणि आले तरी ते लिहायला शाळेच्या फॉर्मात रकाना नसतो.

मला वाटते, कोणत्याही नियमाला एवढेच विचारावे: मधल्या काळात माणूस कुठे होता, असे तू समजतोस? विमानवाला म्हणतो, "हा बँकॉकला उतरला आणि सिंगापूरला चढला, म्हणजे मधे चालत होता." त्याला चालण्याशी देणेघेणे नाही, पण चालणारा होता हे त्याला मान्य आहे. पेन्शनचा हिशेब म्हणतो, मधे कोणी नव्हतेच. आणि मधे नव्हते, म्हणजे आधीही नव्हते. खंड गाडीला पडतो. प्रवाशाला तो कसा पडेल? तो तर त्या वेळी सामान डोक्यावर घेऊन चाललेला असतो.

पैशांचे जाऊ द्या, ते गेले. पण हिच्या सेवापुस्तकात त्या पाच वर्षांच्या कोऱ्या जागेत कोणी तरी एक शेरा मारावा, असे मला फार वाटते. फार काही नको. शिक्का, सही आणि दोन शब्द: 'जमिनीवरून गेल्या.'