विजेची परतवाट

गाडी सपाटीवर उभी करा. हँडब्रेक ओढा, चावी काढून खिशात ठेवा. बोनेट उघडा आणि घटकाभर नुसते उभे राहा. इंजिन तापलेलं असेल तर निवू द्या.

आता बॅटरीकडे पाहा. पॉझिटिव्हची जाड वायर सेल्फकडे जाते, ती लगेच दिसते. जुन्या डिझेल जीपला चावी मारली की तिच्यातून २०० अँपिअर, कधी त्याहूनही जास्त करंट धावतो. तो सेल्फमध्ये संपत नाही. जेवढा गेला तेवढाच्या तेवढा त्याला बॅटरीच्या निगेटिव्हला परतायचं असतं. मनाने त्याच्या मागोमाग जा. सेल्फच्या अंगातून तो इंजिनाच्या ब्लॉकमध्ये उतरतो. पुढे काय? निगेटिव्हची वायर चासीला जोडलेली असते, पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं आहे आणि रबर वीज वाहत नाही. एवढं लोखंडी धूड चासीला जोडते ती तांब्याच्या बारीक तारांची विणलेली, वीतभर लांब पट्टी. मेस्त्री तिला नुसतं ‘अर्थ’ म्हणतात.

ती शोधा. सावकाश बोट फिरवा. मालवण-देवगडकडच्या खाऱ्या हवेत चाललेल्या गाडीत ती बहुतेक हिरवट पडलेली असते. टोकाशी, तारा पकडणाऱ्या थिंबलजवळ नीट निरखा. सेल्फ मारताना आणि बंद होताना इंजिन डोलतं, तेव्हा पट्टी नेमकी तिथेच वाकते. म्हणून तारा तिथे एकेक करून तुटत जातात.

इथे थोडं रेंगाळा. दोन-चार तारा शाबूत असल्या तरी मल्टीमीटर ‘जोड आहे’ असंच सांगतो, कारण त्याचा करंट अगदीच किरकोळ असतो. खरी कसोटी भार पडल्यावर. त्या सांध्यात ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा असेल, तर २०० अँपिअरला २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि ४०० वॅटची उष्णता तेवढ्याशा जागेत निघते. सेल्फ रडतखडत फिरतो. आपण बॅटरीला दोष देतो, नवी आणतो.

पट्टी पुरती तुटली तरी करंट वाट शोधतोच. ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, जे धातूचं इंजिनापासून चासीपर्यंत गेलेलं असेल त्यातून तो परततो. केबल तापते, आवरण वितळतं. तिचं काम पेडलचा दाब पोचवण्याचं. दुसऱ्याचं ओझं तिच्यावर येऊन पडलं. या सगळ्यात हीच गोष्ट माझ्या मनाला सर्वांत जास्त लागते. जळालेली केबल बदलून गाडी परत देणारा मेस्त्री मूळ दुखण्याला हातच लावत नाही.

आता पट्टी बदला. निगेटिव्ह आधी काढा, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडणार नाही. जुनी पट्टी सायलेन्सरच्या नळीजवळ किंवा चिखल उडतो तिथे असेल, तर तिला नवी जागा द्या. इंजिनाकडचं टोक सेल्फच्या बोल्टाजवळ असलं की उत्तम. परतीचा रस्ता तितका आखूड. चासीकडे रंग खरवडा, पॉलिश पेपर मारा, लोखंड चकचकीत दिसेपर्यंत घासत राहा. घाई करावी अशी ही जागा नव्हे. रंगावर कसलेला बोल्ट घट्ट लागतो, पण वीज अडते. दातेरी वायसर घाला, बोल्ट आवळा, मग वरून ग्रीस लावा. पट्टीला थोडी ढील ठेवा; इंजिनाला डोलायला जागा हवी. प्लॅस्टिकच्या आवरणातल्या वायरीपेक्षा मी उघडी विणलेली पट्टीच पसंत करतो, तिचं झिजणं डोळ्यांना दिसतं.

निगेटिव्ह शेवटी जोडा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत असला पाहिजे. पुढच्या सर्व्हिसिंगला हे माप मेस्त्रीकडून आवर्जून घ्या, नवी बॅटरी विकत घेण्याआधी तर नक्कीच.