खिरका आणि किल्ला : फारुकी खानदेशातील राजसत्तेचा धर्मप्रश्न

तापीच्या खोऱ्यात 1382 ते 1601 या काळात फारुकी घराण्याची सत्ता होती. आजचे जळगाव आणि धुळे जिल्हे या राज्याचा गाभा होते. पूर्वेकडचे बुऱ्हाणपूर आणि असीरगड आज मध्य प्रदेशात मोडतात, पण त्या काळी राज्याचे मर्मस्थान तिथेच होते. उत्तरेला सातपुडा आणि त्यापलीकडे माळवा, पश्चिमेला गुजरात, दक्षिणेला आधी बहमनी आणि पुढे अहमदनगरची निजामशाही अशा बलाढ्य शेजाऱ्यांच्या मधोमध हे राज्य दोनशेहून अधिक वर्षे तगले. कधी खंडणी देऊन, कधी सोयरीक जोडून, कधी गडाचे दरवाजे बंद करून ते टिकले. त्याचा कारभार कठोर होता आणि घरातले वारसाहक्क त्याहून कठोर होते. तरीही राज्य करण्याचा अधिकार नेमका कुठून येतो, या प्रश्नाला या घराण्याने दिलेले उत्तर तलवारीचे नव्हते. ते एका सूफी साधूच्या वस्त्राचे होते.

घराण्याचा मूळ पुरुष मलिक राजा. फिरोजशाह तुघलकाने 1370 मध्ये त्याला थाळनेर आणि करवंद ही ठाणी जहागीर म्हणून दिली. थाळनेर हे आजच्या शिरपूर तालुक्यातले तापीकाठचे गाव, आणि तिथे फारुकींच्या कबरी अजून उभ्या आहेत. दिल्लीची पकड ढिली होताच मलिक राजा स्वतंत्र झाला. जहागीरदाराचा राजा होताना कागदावरचा आधार तुटतो, म्हणून दुसरा आधार शोधावा लागतो. फारुकींनी दोन शोधले. एक वंशाचा : आपण दुसरे खलिफा उमर फारुक यांचे वंशज आहोत, असे ते सांगत. दुसरा आशीर्वादाचा : दौलताबाद-खुलदाबादचे चिश्ती संत शेख जैनुद्दीन यांनी मलिक राजाला शिष्य करून आपला खिरका दिला, अशी घराण्याची श्रद्धा होती. खिरका म्हणजे गुरूने शिष्याच्या अंगावर घातलेले वैराग्याचे वस्त्र. मलिक राजाने 1399 मध्ये मरताना तो थोरल्या मुलाच्या, नासिर खानाच्या हाती दिला आणि पुढे शेवटचा राजा बहादूर खान याच्यापर्यंत तो एका वारसाकडून दुसऱ्याकडे जात राहिला, असे फिरिश्ता हा इतिहासकार लिहितो. फिरिश्ता विजापुरात सतराव्या शतकाच्या आरंभी लिहीत होता. त्याच्या आधीच्या काळाबद्दलचा त्याचा मजकूर दंतकथेत बराच मिसळलेला आहे, हे ध्यानात ठेवून तो वाचावा लागतो.

या वस्त्राचा अर्थ समजण्यासाठी ते देणारा माणूस समजून घ्यायला हवा. जैनुद्दीन हे बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे उत्तराधिकारी, आणि बुऱ्हानुद्दीन हे दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य. राजदरबारापासून दूर राहणे, पद आणि जहागीर न घेणे ही या परंपरेची जुनी शिकवण होती. बहमनी सुलतान पहिला मुहम्मदशाह याने साऱ्या शेखांकडून निष्ठेची शपथ मागितली, तेव्हा मद्य पिणाऱ्या राजाला आपण शपथ देणार नाही असे जैनुद्दीन यांनी सांगितले आणि ते आपल्या गुरूच्या दर्ग्यात जाऊन बसले, असेही फिरिश्ताच सांगतो. म्हणजे त्यांचा होकार सशर्त होता. राजाचे आचरण बिघडले तर तो परत घेता येत असे. जिवंत गुरूच्या आशीर्वादाचे सामर्थ्य यातच असते.

फारुकींच्या बाबतीत नेमके हेच सामर्थ्य संपले. जैनुद्दीन 1369 मध्ये वारले. त्यानंतर उरले ते वस्त्र. वस्त्राला प्रश्न विचारता येत नाही आणि दिलेला शब्दही मागे घेता येत नाही. पेटीतून पेटीत जाणारा आशीर्वाद वारशाच्या मालमत्तेसारखा होतो. तो वारसाला मिळतो, आणि वारसाने काय केले यावर तो मुळीच अवलंबून राहत नाही.

याची कसोटी पहिल्याच वारसाच्या वेळी लागली. असीरगड त्या वेळी आसा अहिर या गवळी सरदाराच्या ताब्यात होता. त्याची गुरे हजारोंनी मोजावी इतकी होती आणि गडाला त्याचेच नाव लाभले, अशी परंपरा आहे. खानदेशात मोठा दुष्काळ पडला तेव्हा आसाने बायकोच्या आग्रहाने धान्याची कोठारे गरिबांसाठी उघडली आणि भुकेल्यांना काम मिळावे म्हणून गडाची तटबंदी बांधून घेतली, असे फिरिश्ता सांगतो. नासिर खानाने याच माणसाला निरोप धाडला की शत्रूंनी आपल्याला घेरले आहे, बायकामुलांना गडावर आसरा द्यावा. आसाने घरे रिकामी करून दिली. पहिल्या दिवशी डोल्यांतून खरोखरच बायका आल्या. दुसऱ्या दिवशी आलेल्या दोनशे डोल्यांमध्ये हत्यारबंद शिपाई होते. पाहुण्यांच्या स्वागताला आलेला आसा आणि त्याची मुले मारली गेली. साधारण 1400 च्या सुमारास गड फारुकींचा झाला.

डोल्यांमधून शिपाई नेऊन किल्ला घेतल्याच्या कथा भारतात इतरत्रही सांगतात, त्यामुळे तपशील घासून घ्यावा लागेल. पण कथेची मांडणी विचार करायला लावते. तीत राज्याचे दोन हक्कदार समोरासमोर आहेत. एकाजवळ संताचे वस्त्र आणि खलिफाचे कूळ आहे. दुसऱ्याजवळ यांतले काहीच नाही, पण दुष्काळात वाटलेले धान्य आहे. राजाने प्रजेचे पालन करावे आणि त्यातूनच त्याला कर घेण्याचा हक्क मिळतो, हा महाभारतातील शांतिपर्वाचा विचार लावला तर आसाचा दावा सरळ आहे. त्याच शांतिपर्वात आपद्धर्माची चर्चाही आहे आणि संकटात सापडलेल्या राजाला तिथे बऱ्याच सवलती आहेत. पण आश्रयदात्याचा घात त्या सवलतींत बसवता येत नाही. शरणागताला अभय देणे आणि मिठाला जागणे ही नीती फारसीत, संस्कृतात आणि अहिराणी बोलणाऱ्या माणसाच्या रोजच्या व्यवहारात सारखीच बंधनकारक मानली जाते.

मग कथा पुढे काय करते? गड जिंकल्यावर शेख जैनुद्दीन स्वतः तापीकाठी आले, नासिरने देऊ केलेली जमीन त्यांनी नाकारली आणि गुरूच्या व आपल्या नावाने दोन गावे वसवायला सांगितली. त्यावरून एका तीरावर बुऱ्हाणपूर आणि दुसऱ्या तीरावर जैनाबाद वसले. सालांचा ताळा केला तर ही भेट घडू शकत नाही, कारण शेखांना जाऊन तेव्हा तीस वर्षे झाली होती. तरी ती रचली गेली, आणि तीच लोकांच्या स्मरणात राहिली. विश्वासघाताने मिळालेल्या गडावर संताचा हात हवा होता. जिवंत जैनुद्दीन यांनी आसाच्या मारेकऱ्याला काय म्हटले असते, हे बहमनी सुलतानाला दिलेल्या उत्तरावरून ताडता येते. मृत जैनुद्दीन यांच्या तोंडी मात्र हवा तो शब्द घालता आला. नासिर खानाने 1417 मध्ये सख्ख्या भावाकडून माळव्याच्या मदतीने थाळनेर हिसकावले. बहमनींशी लढून हरल्यावर धुळ्याजवळच्या लळिंग गडावर 1437 मध्ये तो वारला. खिरका त्याच्याजवळच होता.

राजपद आणि धर्माचरण एकत्र नांदतात का, हा प्रश्न त्या काळच्या विचारवंतांनाही पडला होता. चौदाव्या शतकातल्या जियाउद्दीन बरनी याने ‘फतावा-ए-जहाँदारी’ या ग्रंथात स्पष्ट म्हटले की धर्म नम्रता मागतो, राजपद दिमाख मागते, आणि दोन्ही एका माणसात पूर्ण बसत नाहीत. तरीही दंडाशिवाय समाज चालत नाही, म्हणून राजाने न्याय करून आपल्या दिमाखाचे प्रायश्चित्त घ्यावे. बरनीचे विचार इतर बाबतींत संकुचित आणि कुळाच्या अभिमानाने भरलेले आहेत, पण या एका मुद्द्यावर तो खिरक्याच्या कथेपेक्षा प्रामाणिक आहे. राजेपण पवित्र करून घेता येईल असे तो म्हणत नाही.

फारुकी घरातला व्यवहार तर निखळ दंडाचाच होता. गझनी खान 1508 मध्ये गादीवर बसला आणि काही दिवसांतच विषाने मेला. राजघराण्यातील पुरुषांना बायकामुलांसह असीरगडावर नजरकैदेत ठेवायचे आणि राजा मेला की त्यांच्यातूनच पुढचा निवडायचा, अशी वहिवाट जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतात नोंदली आहे. पुढे मुघल बादशहा अकबराचा वेढा पडला तेव्हा असे सात राजपुत्र गडावर होते, असे ते सांगतात. भाऊबंदकीची युद्धे टाळण्याचा हा उपाय होता, आणि त्याची किंमत निरपराध माणसांनी आयुष्यभर कोंडून राहून मोजली.

या इतिहासातले सर्वांत उदात्त पान राजा अली खानाचे आहे. त्याने बुऱ्हाणपूरची जामा मशीद बांधली आणि 1590 च्या सुमारास तिच्यात अरबीसोबत संस्कृत शिलालेखही कोरवला. त्यात सृष्टिकर्त्याला वंदन आहे, त्याचे वर्णन निर्गुण आणि सर्वव्यापी असे आहे, पुढे घराण्याची वंशावळ आहे आणि शक व विक्रम संवतातील कालनिर्देश आहे. आपला ईश्वर प्रजेच्या शब्दांत सांगण्याची गरज एका राजाला वाटली. वस्त्राने प्रजेशी नाते जोडले नव्हते, या शिलालेखाने ते जोडू पाहिले. हाच राजा 1597 मध्ये गोदावरीकाठी मुघलांच्या बाजूने लढताना पडला. तो शत्रूला मिळाला असे समजून मुघलांनी त्याची छावणी लुटली, आणि नंतर त्याचे प्रेत रणात सापडले.

त्याचा मुलगा बहादूर खान अकबराला शरण जायला तयार नव्हता. वेढा 1600 मध्ये पडला आणि जानेवारी 1601 मध्ये असीरगड मुघलांच्या हाती आला. जेझुइट म्हणतात की अकबराने बहादूरला सुरक्षित परतण्याची शपथ देऊन बोलावले, अडकवून ठेवले आणि गडावरचे अधिकारी सोने देऊन फोडले. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल गडावरच्या रोगराईकडे बोट दाखवतो. कोणते खरे यावर इतिहासकारांत एकमत नाही. बहादूर ग्वाल्हेरला कैदेत गेला आणि राज्य अकबराचा मुलगा शाहजादा दानियाल याच्याकडे सोपवले गेले. खिरक्याची परंपरा इथेच थांबली. जिंकणाऱ्याला तिची गरजही नव्हती, कारण अबुल फजलाच्या मांडणीत राजाचे तेज थेट ईश्वराकडून येते. मधल्या संताची तिथे आवश्यकता उरत नाही, आणि राजाला ‘नाही’ म्हणू शकणाऱ्या संताचीही.