बिडाचं भौतिकशास्त्र

बेळगावजवळच्या आमच्या उचगावातला एक विद्यार्थी गेल्या उन्हाळ्यात घरी आला होता. एमएस्सीचं पहिलं वर्ष संपलेलं, पुढचं स्पेशलायझेशन ठरवायचं होतं. "सर, मटेरियल्स घेऊ म्हणतो. त्यात पेपर लवकर होतो म्हणे." मी चाळीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. निवड मला पटली. कारण मात्र मुळीच पटलं नाही. त्याच दिवशी बोलायला हवं होतं ते इथे लिहितो.

आमच्या भागातल्या मुलांना पदव्युत्तर शिक्षणासाठी जुन्या वाटा दोन: धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. 1962 साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या विद्यापीठाने पदार्थविज्ञानात, म्हणजे मटेरियल्समध्ये, जे नाव कमावलं ते बरंचसं पातळ थरांच्या, थिन फिल्मच्या कामामुळे. त्यामागची युक्ती मला फार मोलाची वाटते. निर्वात कक्षाची महागडी यंत्रं नसली तरी चालतं. बीकरमध्ये योग्य रसायनांचं द्रावण घ्या, तापमान आणि पीएच सांभाळा, त्यात काच उभी ठेवा. काही वेळाने काचेवर कॅडमियम सल्फाइडचा पिवळा थर धरतो. प्रा. चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रासायनिक पद्धतींवर आयुष्य घातलं. सहलेखक माने यांच्याबरोबरचा त्यांचा 2000 सालचा आढावा-लेख जगभरचे संशोधक आजही वाचतात. साधनं तुटपुंजी होती, पण प्रश्न नेमका होता: थर का धरतो, किती जाड होतो, केव्हा सुटून येतो?

पुढे अनेक ठिकाणी बीकर राहिला आणि प्रश्न हरवला. पदार्थ बदलायचा, एक्सआरडी म्हणजे क्ष-किरण विवर्तनाचा आलेख काढायचा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचं फुलासारखं चित्र जोडायचं आणि पेपर पाठवायचा. 'लवकर होतो' याचा अर्थ हाच असेल, तर त्या मुलाचं पुढचं वर्ष वाया जाईल, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न कुठे आहे? उचगावपासून तासाभरात बेळगावची उद्यमबाग ही उद्योगवसाहत गाठता येते. बेळगाव हे ओतकामाचं गाव. तिथल्या एखाद्या फाउंड्रीत जाऊन उभं राहावं. भट्टीतला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, रस वाळूच्या साच्यात ओततात. जाड भाग सावकाश निवतो, पातळ कडा झटकन. सावकाश निवणाऱ्या भागात कार्बनला ग्राफाइटचे पापुद्रे होऊन वेगळं व्हायला सवड मिळते. तिथलं बीड करड्या रंगाचं, ड्रिल सहज घेणारं. कडेला तेवढी सवड मिळत नाही. कार्बन लोखंडाशी जोडला जाऊन सिमेंटाइट बनतो, तुटल्या जागी पांढरं दिसतं आणि ड्रिल बोथट होतं. मशीनवरचा कामगार म्हणतो, "जॉब हार्ड आलाय." त्या तीन शब्दांत स्फटिकरचना, उष्णतावहन आणि अवस्थांतर असं सगळं आलं. एमएस्सीच्या पुस्तकात याला तीन वेगळी प्रकरणं लागतात.

याहून नवलाची गोष्ट मॅग्नेशियमची. रसात शेकडा 0.03 ते 0.05 इतकं मॅग्नेशियम उरलं, की ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या गोळ्या होतात. पापुद्र्याच्या टोकाशी ताण एकवटतो आणि तिथूनच भेग सुरू होते. गोळीला टोकच नसतं. लोखंड तेच, कार्बन जवळपास तेवढाच, आकार तेवढा बदलला आणि ठिसूळ बीड वाकायला तयार झालं. हे तंत्र जगाला 1940 च्या दशकात गवसलं. आपल्याकडे मात्र घरातला बिडाचा तवा हातून पडला की का फुटतो, हे पदवीधर मुलगा सांगू शकत नाही. दोष त्याचा नाही. तवा आणि भौतिकशास्त्र यांची गाठ कुणी घालूनच दिलेली नाही.

याच मातीत ती गाठ एकदा पडली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली, असं सांगतात. 1910 मध्ये ते बेळगाव सोडून किर्लोस्करवाडीला गेले. त्यांच्यापाशी पदार्थविज्ञानाची पदवी नव्हती. आमच्या मुलांपाशी ती आहे.

दुसरा प्रश्न पायाखाली. चंदगड तालुक्यातलं बॉक्साइट बेळगावच्या हिंडाल्को कारखान्यात येतं आणि तिथे त्याचं अ‍ॅल्युमिना होतं. हेच अॅल्युमिनियमचं ऑक्साइड कणभर क्रोमियम मिसळलं तर माणिक, दाबून भाजलं तर स्पार्क प्लगचं पांढरं इन्सुलेटर. कण केवढा असावा, किती तापमानाला भाजावा, सच्छिद्रता किती उरू द्यावी, यावर एमएस्सीचे कितीतरी प्रबंध होऊ शकतात. त्यातून पेपर उशिरा होईल. होऊ दे.

यात उद्योजकांनाही माझं सांगणं आहे. मुलगा दारात आला तर त्याला नाकारलेल्या जॉबचे तुकडे द्या. तुम्ही ते पुन्हा वितळवणारच आहात. त्याआधी त्यांतला एखादा कापून, घासून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली गेला तर तुमचंही नुकसान टळेल.

आणि एक विनंती उचगावकरांना. आपण गावात मराठी साहित्य संमेलन भरवतो, सीमाभागात मराठी टिकावी म्हणून ते जिवापाड जपतो. पुढच्या संमेलनात एक तास ठेवा. मटेरियल्स शिकणाऱ्या एका मुलाला किंवा मुलीला मांडवात उभं करा, हातात बिडाचा फुटका तवा द्या, आणि तो का फुटला हे मराठीत सांगायला लावा.