पुरावा सरकतो तेव्हा

आमच्या सोसायटीत २४ बिऱ्हाडं. त्यांतल्या २३ जणांनी नकार दिल्यामुळे मी एकमताने खजिनदार झालो.

खजिनदार झाल्यावर सुधारणा ही आलीच. वही मिटवून हिशेब काँप्युटरवर आणला. २ ते २०० या ओळींत पावत्यांची यादी, बाजूला एकाखाली एक बिऱ्हाडांचे नंबर. प्रत्येकापुढे त्याचा एकूण भरणा यावा म्हणून भाच्याकडून ‘ॲरे फॉर्म्युला’ शिकलो. तो सगळी यादी एकदम चाळतो आणि नंबर जुळेल तेवढ्या रकमांची बेरीज देतो. आमच्या जुन्या एक्सेलमध्ये त्यासाठी कंट्रोल, शिफ्ट, एंटर एकदम दाबावे लागतात, मग भोवती महिरपी कंस आपोआप उमटतात. आधी मी ते कंस हातानेच टाइप केले, तर मशीनने तो नुसता मजकूर मानला. मुंडावळ्या बांधल्या म्हणून कुणी नवरदेव होत नाही!

पहिल्या ओळीत, म्हणजे माझ्याच बिऱ्हाडापुढे, आकडा चोख आला. मग कॉपी आणि खाली २३ ठिकाणी पेस्ट. एरर एकही नाही. संध्याकाळी थकबाकीदारांची यादी बोर्डावर. सर्वांत वर २४ नंबरच्या काकू, भरणा शून्य.

काकू आल्या त्या पावती घेऊनच. तारीख १ एप्रिल, पावती क्रमांक १, वर्षाचे सगळे पैसे, खाली सही माझीच.

“अरे, आजवर कुणाची पै ठेवली नाही. आज दूधवाला म्हणाला, रोख द्या.”

“काकू, काँप्युटरची चूक,” मी म्हणालो.

रात्री कळलं की काँप्युटर निर्दोष होता. पेस्ट करताना फॉर्म्युला जागेप्रमाणे पत्ते बदलतो. एक ओळ खाली उतरला की तो ३ ते २०१ पाहतो. काकूंपर्यंत पोचला तेव्हा तो २५व्या ओळीपासून पाहत होता. वरच्या २३ पावत्या गडप, म्हणजे ज्यांनी सर्वांत आधी भरले त्यांच्याच! पत्त्याला डॉलरचं चिन्ह लावलं असतं तर यादी जागची हलली नसती. अलीकडच्या आवृत्त्यांत तीन बटणांची कसरत लागत नाही. डॉलर मात्र अजून आपणच लावायचा असतो.

काय सरकू द्यायचं आणि काय नाही, सारा न्याय एवढ्यावर उभा आहे. समोरचा माणूस बदलेल, पुरावा सरकता कामा नये. आणि आपण सगळे नियम तपासतो ते स्वतःच्या ओळीत! तिथे उत्तर बरोबर आलं की तेच जगाला पेस्ट. फॉर्म्युला चुकला तो नकळत, हे कबूल. पण न तपासता कुणाचं नाव बोर्डावर लावलं, ते काही नकळत नव्हतं.

सकाळी त्याच बोर्डावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत माझी चूक माझ्या नावाने लिहिली आणि दूधवाल्यालाही गाठून सांगितलं. काकू वाचून म्हणाल्या, “पुढच्या वर्षी शेवटी भरते हो, म्हणजे दिसेन तरी!”

तेव्हापासून मी आधी २४ नंबरचं बिऱ्हाड तपासतो. माझं सर्वांत शेवटी.