मुक्तद्वार प्रयोगशाळेचा पहारा

‘फुकट ते पौष्टिक’ असे आपल्याकडे थट्टेने म्हणतात. आणि फुकट दिलेल्या वस्तूची कदर कोणी करीत नाही, असे गंभीरपणे म्हणतात. ही दोन्ही विधाने पुष्कळदा एकाच तोंडातून निघतात, आणि बहुधा काहीतरी बंद करावयाचे असते त्या वेळी निघतात. ज्या एका नव्या प्रकारच्या विद्यादानाविषयी आम्ही येथे विचार करू इच्छितो, त्याच्या बाबतीतही ती आता ऐकू येऊ लागली आहेत. म्हणून त्यांचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हे विद्यादान म्हणजे संगणकजाळ्यांचे शिक्षण देणारी, सर्वांस खुली असलेली प्रयोगशाळा. संगणकांना परस्परांशी जोडणारी यंत्रे, म्हणजे राउटर आणि स्विच, महाग असतात. आणि त्यांचे वर्तन केवळ पुस्तक वाचून उमगत नाही. त्यांस आज्ञा द्याव्या लागतात, त्या चुकवाव्या लागतात, आणि चूक कोठे झाली हे शोधावे लागते. म्हणून एखादी संस्था किंवा एखादा हौशी अभियंता आपल्याजवळची जुनी यंत्रे एका मांडणीवर बसवितो, त्यांस दुरून वापरता येईल अशी सोय करतो, आणि म्हणतो की, ज्याला शिकावयाचे आहे त्याने कोठूनही यावे व घटकाभर ही यंत्रे आपलीच समजावी. ज्याच्या महाविद्यालयात असे एकही यंत्र नाही, अशा विद्यार्थ्यास हे उघडे दार काय वाटत असेल, ते वाचकांस सांगावयास नको.

परंतु उघड्या दारातून केवळ विद्यार्थीच येतात असे नाही. कोणी राउटरवर स्वतःचा पासवर्ड घालून निघून जातो आणि पुढच्याला ते यंत्र निरुपयोगी होते. कोणी सकाळपासून रात्रीपर्यंत जागा अडवून बसतो. कोणी तेथील संगणकावर आभासी नाण्यांचे ‘खाणकाम’ चालवितो. या शेवटच्या प्रकाराचा हिशेब मोठा चमत्कारिक असतो: दात्याच्या विजेचा जो खर्च होतो त्याच्या मानाने घेणाऱ्याच्या पदरी पडणारी प्राप्ती क्षुल्लक असते, पण बिल दुसऱ्याचे असल्यामुळे ती प्राप्ती त्याला नफाच वाटते. आणि कोणी असाही येतो, की ज्याला येथे काही शिकावयाचे नसते. तिसऱ्याच कोणाच्या दारावर दगड मारताना आपले तोंड दिसू नये म्हणून त्याला ही प्रयोगशाळा पडद्यासारखी हवी असते.

या सर्वांस ‘दुरुपयोग’ हे एकच नाव देण्याची चाल आहे. आमच्या मते घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे. पहिल्या दोन कृत्यांत शेजाऱ्याचा विसर आहे, तिसऱ्यात दात्याची चोरी आहे, आणि चौथ्यात, ज्याचा या व्यवहाराशी काडीचाही संबंध नाही अशा माणसाचे नुकसान आहे. औषध ठरविण्यापूर्वी रोग वेगळे करावयास नकोत काय?

त्यातही प्रयोगशाळेची म्हणून एक विशेष अडचण आहे. नवशिक्याची चूक आणि खोडसाळाचे कृत्य, ही नोंदवहीत तंतोतंत सारखी दिसतात. यंत्रातील जतन केलेली मांडणी पुसून ते पुन्हा सुरू करण्याची आज्ञा दोघेही देतात. वाचनालयातील पुस्तकाचे पान फाडणे हा वाचनाचा भाग नव्हे. पण राउटर बिघडविणे हा मात्र राउटर शिकण्याचा भाग आहे. ज्या प्रयोगशाळेत काहीच बिघडविता येत नाही, ती प्रयोगशाळा नसून प्रदर्शन होय. तेव्हा येथे शहाणपणाचा उपाय बिघाड वर्ज्य करण्याचा नसून तो स्वस्त करण्याचा आहे. प्रत्येकास ठरावीक वेळ द्यावी. ती संपताच यंत्र आपोआप मूळ मांडणीवर यावे. कोणी पासवर्ड घालून गेला तरी यंत्राचा वीजपुरवठा दुरून बंद-चालू करून ते मोकळे करता यावे. अशी सोय असली, की खोडी करणाऱ्याचा पराक्रम फार तर त्याची वेळ संपेपर्यंत टिकतो. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस जी सामायिक संगणकप्रणाली तयार झाली, तीत आरंभी पासवर्ड नव्हते. इतकेच नव्हे, तर सबंध यंत्रणा बंद पाडण्याची आज्ञाही कोणासही देता येत असे. जे कृत्य कोणीही करू शकतो, ते करण्यात प्रौढी उरत नाही, हा त्यामागील विचार होता. अर्थात तो परस्परांस ओळखणाऱ्या मूठभर लोकांचा मेळा होता. अनोळखी हजारोंस ते जसेच्या तसे लागू पडेल, असे आम्ही म्हणत नाही.

चौथ्या प्रकाराविषयी मात्र इतकी उदारता दाखविण्याचा अधिकारच कोणास नाही. स्वतःच्या घरातील भांडी फुटू देणे हे औदार्य. शेजाऱ्याची फुटू देणे हे नव्हे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने आपोआप पसरत जाणारा एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला, आणि तोही एम. आय. टी.तील संगणकावरून. त्याचा हेतू नासधूस करण्याचा नव्हता, असेच त्याच्या बाजूने सांगण्यात आले. पण ज्या यंत्रात तो प्रोग्राम आधीच शिरला होता त्यातही तो पुन्हा पुन्हा शिरत राहिला, आणि सुमारे ६,००० यंत्रे त्याने ग्रासली, असा त्या वेळचा अंदाज होता. १९९० साली न्यायालयाने त्याला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची, ४०० तास समाजसेवा करण्याची व दंडाची शिक्षा दिली. हेतू काहीही असो, ज्यांची यंत्रे अडली त्यांनी प्रयोगास संमती दिलेली नव्हती. म्हणून प्रयोगशाळेच्या आत कितीही मोकळीक असो, तिच्यातून बाहेरच्या जगाकडे जाणारी वाट बंद असावी, यात आम्हांस संदेह नाही. गोव्यातील खाजणांच्या बांधात जी मानस असते, तिची दारे ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतात आणि भरतीचे खारे पाणी आत येऊ देत नाहीत. येथे हवी आहे तीही तशीच एकमार्गी दारे, फक्त उलट तोंडाची: शिकणारा आत येवो, त्याने आत उठविलेली लाट बाहेर न जावो.

येथवर आम्ही कृत्यास आवर घालण्याच्या उपायांविषयी बोललो. पण कारभारी बहुधा दुसरीकडे वळतात. कृत्याऐवजी ते माणूस तपासू लागतात: आधी मोबाईलचा क्रमांक मागतात, मग ओळखपत्र, मग बँकेचे कार्ड. त्यांची अडचण खोटी नाही. सॉफ्टवेअर चालविण्याची जागा पुरविणाऱ्या हिरोकू या कंपनीने २०२२ साली आपली विनामूल्य योजना बंद केली, तेव्हा फसवणूक आणि दुरुपयोग यांस आवर घालण्यात खर्ची पडणारे श्रम हे कारण तिने दिले होते. गिटलॅबने २०२१ साली, खाणकामाच्या उपद्रवामुळे, फुकट संगणनशक्ती वापरू इच्छिणाऱ्या नव्या सभासदांकडून कार्डाची मागणी सुरू केली. पैसे घ्यावयाचे नव्हते. केवळ माणूस खरा आहे एवढेच पाहावयाचे होते. पण ज्या विद्यार्थ्याच्या घरात असे कार्ड कोणाकडेच नाही, त्याला हा खुलासा काय कामाचा? खाणकाम करणारा चोरलेले कार्ड पैदा करतो. दाराबाहेर राहतो तो प्रामाणिक गरीब.

आणि ‘तू कोण?’ हा प्रश्न पाण्याच्या काठावर विचारण्याचा आपल्या समाजाचा इतिहास काही चांगला नाही. महाडचे चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव होऊनही, २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना आपल्या अनुयायांसह तेथे जाऊन पाणी पिऊन दाखवावे लागले. आणि त्यानंतर त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले. त्या काळच्या रखवालदारांचीही भाषा तळ्याच्या रक्षणाचीच होती. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे कोणी आमच्या तोंडी घालू नये. जन्मावरून अडविणे आणि कार्ड मागणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पण सामायिक वस्तूच्या रक्षणासाठी उभा केलेला पहारेकरी कोणास अडवितो, हे मोजून पाहण्याची सवय आपणांस त्या इतिहासाने लावावयास हवी होती. याउलट, पाणपोईवरचा पेला साखळीने बांधलेला असतो. त्या साखळीने कोणाचा अपमान झाला, असे आम्ही ऐकलेले नाही. ती कोणाची ओळख विचारीत नाही, आणि तिच्यामुळे कोणी तहानलेला परतत नाही.

बंदी घालण्याची जी सोपी रीत आहे, तीतही हाच दोष आहे. उपद्रव ज्या इंटरनेट पत्त्यावरून झाला तो पत्ताच अडवितात. परंतु आपल्या मोबाईल कंपन्यांत किंवा वसतिगृहांत एका पत्त्यामागे शेकडो माणसे असू शकतात. एकाने खोडी केली की साऱ्यांचे दार बंद. १९४२ साली इंग्रज सरकारने गावेच्या गावे धरून सामुदायिक दंड बसविले, त्याची आठवण ज्या घराण्यांतून अजून सांगतात, त्यांस या न्यायाची चव समजावून सांगण्याचे कारण नाही.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली असे प्रतिपादन केले की, सामायिक कुरण अखेर उजाड होणारच. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात, कुरणे, जंगले आणि पाट शतकानुशतके सांभाळणाऱ्या खऱ्याखुऱ्या गावांकडे पाहून, हे भाकीत अटळ नसल्याचे दाखविले. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या निरीक्षणांपैकी दोन येथे उपयोगी आहेत: जेथे वापरणाऱ्यांचा नियम करण्यात हात असतो तेथे ते नियम टिकतात, आणि शिक्षा पायरीपायरीने वाढत जाते, पहिल्याच चुकीस हद्दपारी नसते. पहिल्या वेळी सूचना, दुसऱ्या वेळी आठवडाभर विश्रांती, आणि वारंवार व लपवून केले तर नाव कमी करणे, एवढे कोणत्याही प्रयोगशाळेस जमण्यासारखे आहे. फक्त ज्याचे नाव कमी केले त्याचे म्हणणे ऐकणारा मनुष्य, नाव कमी करणाऱ्याहून वेगळा असावा.

राहता राहिला नोंदींचा प्रश्न. विद्यार्थी कोणती आज्ञा केव्हा देतो याची नोंद ठेवल्याखेरीज गत्यंतर नाही, हे आम्ही मान्य करतो. मात्र ती ठेवली जाते हे त्याला प्रवेशापूर्वीच त्याच्या भाषेत सांगितलेले असावे, आणि ठरावीक दिवसांनी ती पुसली जावी. महिनाभराने उघडकीस आलेल्या एखाद्या गैरकृत्याचा माग त्यामुळे लागणार नाही, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. एखादा खोडकर सुटेल; पण शिकताना केलेल्या शेकडो चुकांची वही दुसऱ्याच्या कपाटात कायमची पडून राहण्यापेक्षा ती किंमत आम्हांस कमी वाटते.